न वाजलेली पाठवणी

गोविंदराव "जमत नाही" म्हणाले तेव्हा खोलीतल्या सगळ्यांनी आधी निरुपमाकडे पाहिलं, आणि मग आपण पाहिलं हे कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून ओल्या तुरीच्या, लिलव्याच्या कचोऱ्यांकडे.

"जमत नाही म्हणजे काय, दादा?" उदयसिंहरावांच्या हातातली कचोरी चटणीत बुडायची राहून गेली. "माझ्या पोरीचं लग्न पंधरवड्यावर आलंय. पत्रिकेत छापलंय, 'ढमढेरे घराण्याची राजेशाही पाठवणी'. व्याह्यांनी अख्ख्या अहमदाबादला सांगून ठेवलंय, या, राजवाड्यातलं संगीत ऐकायला मिळेल."

"तू छापलंस." दिवाळीत पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यापासून गोविंदरावांचं एकेक वाक्य कठड्याला धरून जिना उतरावं तसं येई. "मला विचारलं होतंस?"

"विचारायचं काय त्यात? आपल्या घरात मुलीचं लग्न म्हटलं की पाठवणी आलीच."

"येत होती. आता येत नाही." त्यांनी डावा हात कपाळाला लावला, उजवा मांडीवर पाहुण्यासारखा बसून होता. "जुनं सगळं आहे इथे. जसंच्या तसं. नवं सुचत नाही. रोज सकाळी बसतो. मैथिलीचा चेहरा डोळ्यांपुढे आणतो. दोन सूर येतात, आणि ते दुसऱ्याच कुणाचे तरी निघतात. काल आक्काआत्याचे निघाले."

थोरल्या भावाला रडू येऊ नये म्हणून धाकट्यानं घाईघाईनं कचोरी खाल्ली.

ढमढेऱ्यांच्या घरात पाठवणी हा नुसता विधी नव्हता, ती प्रत्येक मुलीची एक चीजवस्त होती. आजोबा तात्यासाहेब संस्थानच्या बँडचे मास्तर. राजघराण्यात लग्न निघालं की मिरवणुकीला, सीमांतपूजनाला, अक्षतांना जुनंपानं काहीही वाजवलेलं चाले. पण राजकन्या दारातून निघते त्या वेळेसाठी नवी चाल बांधायची आणि ती तिच्यापुरतीच वाजवायची, असा शिरस्ता. कागदावर उतरवायची नाही, दुसऱ्या कुणासाठी काढायची नाही. काढली तर ती उष्टी. पुढे संस्थान विलीन झालं. बँड गेला, लाल डगले गेले, पण चाल बांधायची खोड काही जाईना. तेव्हा तात्यासाहेबांनी समोर ज्या मुली होत्या त्यांनाच राजकन्या ठरवून टाकलं. त्यांच्या लेकींना पाठवण्या मिळाल्या, पुतण्यांना मिळाल्या. मुलगा हंबीरराव, म्हणजे या भावंडांचे अप्पा, त्यांनी हेच पुढे चालवलं, आणि त्यांच्यामागे गोविंदरावांनी. राजघराण्याला ठाऊकही नसेल, पण बडोद्याच्या एका मध्यमवर्गीय घरात राजकन्यांचा तुटवडा कधी पडला नाही.

आणखी एक नियम होता. आपली पाठवणी नवरीनं आधी ऐकायची नाही. तालमी सुरू झाल्या की तिला कुणा नातलगाकडे पाठवून देत. आयुष्यात एकदाच ऐकायची वस्तू. तिची सवय होऊन चालणार नाही.

"मग तात्यासाहेबांची घेऊ," उदयसिंहराव म्हणाले. हा विचार त्यांना आत्ता सुचला नव्हता. हरणीच्या आपल्या घरून येताना स्कूटरवर त्यांनी तो घोटून आणला होता. "राजकन्येची. अस्सल. पत्रिकाही खोटी पडायची नाही."

"ती बाईसाहेबांची आहे."

"बाईसाहेबांना जाऊन जमाना झाला, दादा!"

"म्हणून त्यांचा शालू मैथिलीला नेसवशील?"

"दिला असता तर नेसवलाही असता," उदयसिंहराव पुटपुटले, आणि कोपऱ्यात मोबाइल बघत बसलेला उत्कर्ष फिसकन हसला. उत्कर्ष गोविंदरावांचा मुलगा. मकरपुऱ्यात व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत नोकरी, आणि घराच्या उरल्यासुरल्या बँडमध्ये कॉर्नेट. हसल्याबद्दल बापानं त्याच्याकडे पाहिलं, काकानंही पाहिलं. दोघांचं बऱ्याच वेळानं एकमत झालं.

"एक कोरी आहे की घरात," गोविंदरावांच्या पत्नी मोहनावहिनी म्हणाल्या, ताटलीतल्या कचोऱ्या सारख्या करत. हात कामात ठेवून बोललं की बोलणं आपोआप निरागस दिसतं, हे त्यांना या घरात आल्यावर पहिल्याच वर्षी उमगलं होतं. "वाजलेली नाही, कुणाला लागलेली नाही. मामंजींच्या हातची. नुसती ठेवून काय करायचंय?"

कुठली, असं कुणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती एकट्या या दोघांच्या बहिणीला, निरुपमाला, कारण ती तिचीच होती.

तिचं लग्न इंदूरला ठरलं होतं. अप्पांनी तिची पाठवणी बांधली, मुलांकडून घटवून घेतली. त्या दिवसांत निरुपमा दांडियाबाजारात मावशीकडे शेवया वळत बसली होती. एका संध्याकाळी तालमीहून उठताना अप्पा खाली बसले ते उठलेच नाहीत. लग्न वर्षभर पुढे ढकललं. इंदूरची माणसं वाईट नव्हती. वर्ष मोठं होतं, आणि त्यांना घाई होती. मग आईचं आजारपण, मग शाळेतली नोकरी, गणित आणि विज्ञान. मग उदयची बायको गेली आणि मैथिली दुधावरची राहिली, तेव्हा वासण्याच्या या घरून हरणीला उदयकडे जाताना रोज दोन बस बदलणं. कुणी तिला लग्न करू नकोस म्हणालं नव्हतं. कुणी फारसं कर असंही म्हणालं नव्हतं. घराचा गाडा ज्या खिळीवर चालतो ती खिळी कुणी आपणहून उपसत नाही.

पण पाठवणी होती. दोन्ही भावांच्या डोक्यात ती जिवंत होती. निरुपमाची आशा अशी की कधीतरी त्यांचं भान सुटेल. सुटायचंही. दादा दाढी करताना गुणगुणायचे आणि तिच्या पावलाची चाहूल लागली की गप्प व्हायचे. एकदा न्हाणीघराच्या दाराआडून तिला चार सूर मिळाले होते. तेवढ्या भांडवलावर तिनं इतक्या वर्षांत कितीतरी चाली मनातल्या मनात बांधून पाहिल्या; बहुतेक भैरवीत, कारण पाठवणी म्हटली की रडवणारी असणार.

"घ्या की," निरुपमा म्हणाली.

मीठ पुढे सरकवावं तसं तिनं ते म्हटलं. "त्यात विचारायचं काय? मी काय तिचं लोणचं घालणार आहे?"

उदयसिंहराव उठून ताईच्या पाया पडायला निघाले, तर तिनं त्यांना कचोरी खा म्हणून परत बसवलं. मोहनावहिनी सुनेचं कौतुक करावं तसं म्हणाल्या, "मी म्हटलंच होतं, वन्सं नाही म्हणायच्या नाहीत." या वाक्यात मान किती आणि टोमणा किती, याचा हिशेब निरुपमानं कधीच सोडून दिला होता. उत्कर्षचं लग्न झालं तेव्हा तिची खोली त्याला गेली, तेव्हाही तिनं 'घ्या की'च म्हटलं होतं. आईच्या पाटल्या मैथिलीसाठी काढून दिल्या, तेव्हाही. ते तिचं ठरलेलं वाक्य होतं, आणि घरानं ते आपलं ठरलेलं उत्पन्न धरलं होतं.

फक्त गोविंदरावांनी बहिणीकडे बघत विचारलं, "नक्की, निरू?"

"नक्की. न पाहिलेली वस्तू द्यायला काय लागतं?"

*

मैथिली संध्याकाळी ऑफिसमधून परस्पर आली. हेल्मेट ओट्यावर ठेवून ती तशीच आत्याच्या पाठीला चिकटली. निरुपमा वांगी चिरत होती.

"सरक, विळी आहे."

"पप्पांनी फोन केला. सगळं सांगितलं." मैथिली हलली नाही. "आत्या, तू का हो म्हणालीस? मला डीजे चाललं असतं."

"चाललं असतं?"

मैथिली लहान असताना रात्री झोपण्यापूर्वी तिचा एकच प्रश्न असे, माझी पाठवणी कशी असणार? आणि निरुपमा काहीबाही ठोकून द्यायची. तुझ्यात ना, मोर ओरडणार आहे. तुझ्यात ट्रेनची शिट्टी आहे. मैथिली तेवढ्यावर झोपून जाई.

"नसतं चाललं," मैथिली शेवटी म्हणाली. "खोटं कशाला बोलू? हवीय मला. अगदी हवीय. मोठ्या काकांना जमत नाहीये कळलं तेव्हा मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले, सच्ची. पण तुझी घेताना कसंतरी वाटतंय."

"माझी कसली? मी ऐकलीसुद्धा नाही."

"तेच ना."

"अगं, ऐकली असती तर सोडवली नसती. आता कसं, काही जातच नाही." निरुपमानं वांग्याच्या फोडी पाण्यात सोडल्या. "आणि मलाही मिळेल ना ऐकायला. तुझ्या लग्नात. पहिल्या रांगेत बसून."

"सोफ्यावर. वर-माय बसते तिथे."

"वधूमाय म्हणतात, वेडे."

"जे असेल ते." मैथिलीनं तिच्या खांद्यावर हनुवटी ठेवली. "हाश. मग मी गिल्टी वाटून घेत नाही, चालेल?"

"चालेल. तो मसाल्याचा डबा दे."

निरुपमानं भरली वांगी केली, आणि त्यात मीठ घालायची विसरली. मोहनावहिनींनी जेवताना ते सगळ्यांना दोनदा सांगितलं.

*

मैथिलीला नातलगांकडे पाठवून तालमी आठवडाभर हरणीला, उदयसिंहरावांच्या सोसायटीच्या गच्चीवर झाल्या. गोविंदराव रिक्षातून जात, गुणगुणून सांगत, उत्कर्ष कॉर्नेटवर घेई, उदयसिंहराव क्लॅरिनेटवर दुसरा सूर धरत. ढोलासाठी धनाजीराव. त्यांच्या पणजोबांनी संस्थानच्या पलटणीत ढोल वाजवला होता, आणि ते स्वतः बँकेतून रिटायर झाले होते. पण चालून पाहायची तालीम वासण्याला व्हायची होती. नवरी उंबऱ्यापासून अंगणाच्या लोखंडी झांप्यापर्यंत, म्हणजे फाटकापर्यंत, किती वेळ घेते यावर सगळं बेतलेलं. लग्नाच्या हॉलचं अंतरही तेवढंच, असं उदयसिंहराव स्वतः पावलं टाकून पाहून आले होते.

रविवारी चारच्या सुमाराला अंगणात खुर्च्या मांडल्या. उत्तरायणातले दोन फाटके पतंग विजेच्या तारेवर अजून लोंबत होते. वाद्यं बाहेर निघालेली पाहून शेजारचे जिग्नेशभाई झोपाळ्यावरून उठून आले. ते सोसायटीचे सेक्रेटरी.

"काका, आजे शुं छे? वरघोडो?"

"वरात नाही, तालीम," गोविंदराव म्हणाले.

"मोठ्यानं वाजणार?"

"अहो जिग्नेशभाई, बेसो ने," मोहनावहिनी म्हणाल्या, "आमच्या मैथिलीची पाठवणी आहे. राजवाड्याची पद्धत. तुम्हाला फुकटात ऐकायला मिळतेय." जिग्नेशभाई परत झोपाळ्यावर जाऊन बसले, पण आता ते सेक्रेटरी राहिले नव्हते, श्रोते झाले होते.

निरुपमा कापडी पिशवी घेऊन बाहेर आली आणि चपला घालू लागली.

"कुठे निघालीस?" गोविंदरावांनी विचारलं.

"भाजीला. तालीम आहे ना तुमची."

मग तिचं तिलाच कळलं. इतक्या वर्षांची सवय. घरात ती चाल निघायची म्हटल्यावर पाय आपोआप दाराबाहेर पडत होते.

"आता ती तुझी नाही, निरू," गोविंदराव हळूच म्हणाले. "तू थांबू शकतेस."

तिनं पिशवी खुंटीला लावली. चपला मात्र काढायची राहिली.

"उलट बरंच झालं, थांबली ते," उदयसिंहराव घाईनं म्हणाले. "चालणार कोण? मैथिलीला तर आणता येत नाही. वहिनींचे गुडघे..."

"माझे दोन्ही बदललेत," मोहनावहिनी म्हणाल्या, "आणि सुनबाई माहेरी. वन्सं चालतील. चार पावलं तर टाकायचीत."

"मी?"

"नवरीच्या जागी कुणीतरी लागतंच, ताई. नाहीतर उत्कर्षला चालवू का पदर घेऊन?"

उत्कर्षनं कॉर्नेटमधून एक बेसूर पिपाणी काढली. सगळे हसले. निरुपमाही हसली.

गोविंदरावांनी तिला जवळ बोलावून सांगितलं. सांगायला त्यांना वेळ लागला. पण मध्ये कुणी तोंड घातलं नाही. चाल दोन भागांची असते. पहिल्या भागात नवरी उंबऱ्यापासून झांप्यापर्यंत चालते. तिथे बँड थांबतो. ढोलसुद्धा नाही. मग नवरी मागे वळून घराकडे बघते. ती बघेपर्यंत थांबायचं, कितीही वेळ लागो. ती वळली की दुसरा भाग, आणि मग तिनं मागे न बघता जायचं.

"आणि वळली की पाठवणी तिची झाली," ते म्हणाले. "वळेपर्यंत कुणाचीच नसते. म्हणून तालमीत कुणी वळत नाही. बदलीची बाई झांप्याशी जाते आणि बाजूला होते. दुसरा भाग बायकांपुढे काढायचा नाही. तो आमचा गच्चीवर झालाय. कळलं?"

"झांप्याशी गेले की बाजूला व्हायचं. कळलं."

"सावकाश चाल. नवरीसारखी."

"नवरी कशी चालते ते मला काय ठाऊक, दादा?" ती हसत म्हणाली, आणि ते हसणं कुणी उचललं नाही म्हणून एकटंच अंगणात राहिलं.

ती उंबऱ्यात उभी राहिली. गोविंदरावांनी डावा हात वर केला.

भैरवी नव्हती. पहिल्याच सुराला तिला ते कळलं, आणि तिची फसगत झाल्यासारखी ती जागच्या जागी थांबली. उत्कर्ष डोळ्यांनीच 'चाल, चाल' म्हणाला. तिनं पाऊल टाकलं. चाल साधी होती, जवळजवळ पोरकट. घरातून कुणीतरी काहीतरी विसरून पळत सुटावं तशी. कॉर्नेट पुढे जायचं, क्लॅरिनेट मागून हाका मारत यायची. मग एका जागी ढोल हलका झाला आणि कॉर्नेट दोन-दोन सूर गाळत वर चढलं, टण, टण, टण, आणि वर पोचून धापा टाकत थांबलं.

निरुपमाचा हात आपोआप हवेत गेला, कठडा शोधत.

बाबाजीपुऱ्यातल्या जुन्या घराचा जिना. ती तो दोन-दोन पायऱ्या गाळत चढायची. अप्पा खाली वर्तमानपत्र वाचत असत. त्यांनी कधी मान वर केल्याचं तिला आठवत नव्हतं. ते फक्त म्हणत, "पडशील."

म्हणजे ते ऐकत होते. मान खाली घालून ते तिची पावलं मोजत, साठवत होते. आक्काआत्याची पाठवणी पिलू रागातली, अंगण ओलं करणारी, सगळ्यांच्याच तशा. हिच्यासाठी अप्पांनी एक पळणारी मुलगी बांधली होती. ती जाते आहे याचं दुःख चालीत कुठे नव्हतंच. ती किती जोरात जाते आहे याचं कौतुक होतं. इतकी वर्षं ती स्वतःला शहाणी, सोशिक, थोडी मंद चालीची बाई समजत आली होती, आणि या घरातल्या दोन माणसांच्या डोक्यात ही दुसरीच निरुपमा सुखरूप होती. तिला तिची ओळखही कुणी करून दिली नव्हती.

न्हाणीघराच्या दारातले चार सूर आले. ते सुरुवातीचे नव्हते. मधलेच होते, एका उडीचा शेवट. त्यांच्यावर बांधलेल्या तिच्या सगळ्या भैरव्या त्या क्षणी निकालात निघाल्या.

झांप्याशी ती पोचली आणि बँड थांबला.

वेळ बरोबर बसली होती. तारेवरचा पतंग फडफडल्याचा आवाज आला. तिच्या पाठीमागे दादांचा डावा हात वर असणार, हे तिला न बघता दिसत होतं. आता फक्त बाजूला व्हायचं.

"झालं, आत्या," उत्कर्ष म्हणाला. "परफेक्ट. थँक यू."

निरुपमा बाजूला झाली नाही.

तिला मैथिली आठवली नाही असं नाही. मैथिलीच आठवली, खांद्यावर टेकलेली हनुवटी, 'हवीय मला, अगदी हवीय' म्हणणारा आवाज. तो आवाज ज्या घशातून आला त्याला औषधं पाजत तिनं रात्री काढल्या होत्या. आपण काय दिलं आहे आणि आता काय परत घेतो आहोत, हे तिला गणिताच्या बाईंना कळावं तितकं स्वच्छ कळत होतं. न पाहिलेली वस्तू तिनं दिली होती. आता ती पाहिली होती.

ती वळली.

धनाजीरावांच्या काखेतून ढोलाची काठी घसरून फरशीवर पडली.

"ताई," उदयसिंहराव म्हणाले. "तालीम आहे ही."

"माहीत आहे."

"वळायचं नसतं तालमीत."

"माहीत आहे, उदय."

ती घराकडे पाहत होती. वासण्याचं हे रो-हाऊस. पिवळा रंग, वर सोलरची टाकी, दारात वहिनींची तुळस. अप्पांनी पाठवणी बांधली तेव्हा हे घर कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि तिनं ते डोळे भरून बघितलं.

गोविंदरावांचा हात अजून वर होता. ताल न देता तो नुसता खाली आला असता तर सगळं मिटलं असतं. चूक झाली, चुकून वळली, दुसरा भाग वाजला नाही, पाठवणी कोरीच राहिली. त्यांनी तो खाली आणला नाही. त्यांनी मान वळवून धाकट्या भावाकडे पाहिलं. कारण दुसरा भाग क्लॅरिनेटवर एकट्यानं सुरू व्हायचा होता. गोविंदरावांनी कितीही ताल दिला तरी उदयसिंहरावांनी फुंकल्याशिवाय त्याला अर्थ नव्हता.

उदयसिंहराव मैथिलीचे बाप होते. क्लॅरिनेट त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. त्यांनी ताईकडे पाहिलं, तिच्या पायांतल्या भाजीला जायच्या चपलांकडे पाहिलं.

"मैथिलीला काय सांगू मी?" त्यांनी विचारलं. ते नक्की कुणाला विचारत होते, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"ते मी सांगेन," मोहनावहिनी म्हणाल्या. गुडघ्यांवर हात टेकत त्या खुर्चीतून उठल्या होत्या. "पोरीची समजूत मी काढते, व्याह्यांची मी काढते. तुम्ही वाजवा, भावजी."

निरुपमानं वहिनींकडे पाहिलं. इतकी वर्षं एका स्वयंपाकघरात काढून दोघींचं सांडगी मिरचीच्या मिठावर कधी एकमत झालं नव्हतं. वहिनी तिच्याकडे बघत नव्हत्या. त्या रागावल्यासारख्या दिराकडे बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"वाजवा म्हणते ना! हात दुखतोय त्यांचा."

उदयसिंहरावांनी क्लॅरिनेट ओठांना लावली. गोविंदरावांनी हात खाली आणून ताल दिला. पहिला सूर चिरकला. उदयसिंहरावांनी ती काढून ओठ पुसले, पुन्हा लावली, आणि दादांनी त्यांच्यासाठी हात दुसऱ्यांदा वर नेला, जसं काही पहिला चुकलाच नव्हता.

या वेळी सूर लागला.

आता मागे बघायचं नव्हतं. निरुपमानं झांप्याची कडी काढली आणि ती बाहेर पडली. झोपाळ्यावरून जिग्नेशभाई उठून उभे राहिले. का, ते त्यांना कळलं नसावं. तिच्या हातात पर्स नव्हती, पिशवी खुंटीला होती, कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं. मागून क्लॅरिनेट आली, मग कॉर्नेट तिला येऊन मिळालं, मग ढोल. रस्ता पुढे वळत होता, आणि त्या वळणापलीकडे काही ऐकू आलं नसतं. चाल संपायच्या आत ते वळण येऊ नये म्हणून निरुपमा शक्य तितकी सावकाश चालत राहिली.